घरातल्या माणसाशी नैराश्याविषयी कसे बोलावे

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वडिलांनी वर्तमानपत्र वाचणे सोडले. अंक रोज येत असे आणि घडी न मोडता कपाटावर जाऊन पडत असे. पहाटे तीन-साडेतीनला ते उठून ओसरीवर बसत, दोन घास खाऊन ताटावरून उठत आणि विचारले तर पोटात जड वाटते म्हणत. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, रक्त दोनदा तपासून झाले आणि आठ महिने पोटाच्या गोळ्या चालल्या. त्या आठ महिन्यांत, तुम्हाला आतून कसे वाटते हा प्रश्न घरातल्या पाच माणसांपैकी एकानेही विचारला नाही. आम्हाला त्यांच्याविषयी माया नव्हती असे नाही. तो प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा आणि उत्तर आले तर पुढे काय करायचे, हे आम्हाला ठाऊक नव्हते. ज्यांच्या घरात आज असेच कोणी गप्प होत चालले आहे त्यांच्यासाठी हे क्रमवार लिहीत आहे.

आधी आजार ओळखावा

मराठीत ‘निराश होणे’ हे क्रियापद आपण परीक्षेतल्या गुणांसाठीही वापरतो आणि पाऊस न पडल्याबद्दलही. त्यामुळे नैराश्य या शब्दाने आजाराचे गांभीर्य ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. दुःखात माणूस रडतो, पण नातवंड मांडीवर येऊन बसले की घटकाभर हसतोही. दुःख लाटेसारखे येते आणि ओसरते. नैराश्याच्या आजारात हे ओसरणे थांबते. मन उदास राहणे किंवा पूर्वी आवडणाऱ्या कशातही गोडी न उरणे, या दोहोंपैकी किमान एक लक्षण बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ, सलग दोन आठवडे टिकते. सोबत झोप बिघडते, भूक किंवा वजन बदलते, अंगात त्राण राहत नाही, हालचाल मंदावते किंवा उलट अस्वस्थपणा वाढतो, लक्ष लागत नाही, आपण कवडीमोल आहोत किंवा आपल्यामुळेच सगळे बिघडले असे वाटू लागते आणि मरणाचे विचार येतात. या नऊ लक्षणांपैकी पाच किंवा अधिक लक्षणे दोन आठवडे राहिली आणि त्यांमुळे रोजचे जगणे अडू लागले, तर डॉक्टर त्याला आजार मानतात.

जगभर वापरली जाणारी ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली याच नऊ लक्षणांवर बेतलेली आहे. गेल्या दोन आठवड्यांत प्रत्येक लक्षणाचा त्रास किती दिवस झाला यावरून ० ते ३ गुण द्यायचे असतात आणि एकूण बेरीज २७ पर्यंत जाते. बेरीज १० किंवा त्याहून अधिक आली तर डॉक्टरांना दाखवावे. ही केवळ चाळणी आहे. निदान डॉक्टरच करतात. मरणाविषयीच्या शेवटच्या प्रश्नाला मात्र शून्याहून अधिक गुण मिळाले, तर बेरीज कितीही कमी असली तरी थांबू नये.

हा आजार का होतो याचे एका ओळीत उत्तर नाही. मेंदूतले एखादे रसायन कमी पडते, असे पूर्वी सरसकट सांगितले जाई. संशोधकांना ते आता अपुरे वाटते. आनुवंशिकता, बालपणीचे आघात, कर्ज, वियोग, दीर्घ आजारपण, बाळंतपणानंतरचे महिने, दारू, एकटेपणा यांतले काय कोणाच्या बाबतीत किती मोठे, हे माणसागणिक बदलते. म्हणून ‘एवढ्याशा गोष्टीने कोणी खचते का’ हा प्रश्नच गैरलागू आहे.

त्या माणसाचे शब्द गोळा करावेत

आपल्याकडे फार थोडी माणसे स्वतःहून ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणतात. ती म्हणतात, ‘कशातच मन लागत नाही’, ‘डोकं जड असतं’, ‘जेवण गोड लागत नाही’, ‘छातीत धडधडतं’, ‘कसंतरीच होतं’, ‘सगळं नको झालंय’. घरातले म्हणतात, ‘त्यानं धसका घेतलाय’ किंवा ‘तिनं मनाला लावून घेतलंय’. पुरुषांमध्ये हाच आजार कित्येकदा चिडचिडीच्या किंवा वाढत्या दारूच्या रूपात दिसतो आणि घर त्याला स्वभाव समजून बसते. वृद्धांमध्ये तो अंगदुखी, पोटाच्या तक्रारी आणि विसरभोळेपणा यांच्या आड लपतो.

आठवडाभर लक्ष देऊन असे शब्द आणि बदल तारखेसह एका वहीत लिहावेत: किती वाजता जाग आली, जेवण किती झाले, कोणाचा फोन घेतला नाही, कोणते नेहमीचे काम सुटले. ही पाळत नव्हे. पुढे बोलायला बसताना आरोप न करता हाती काहीतरी ठोस असावे, म्हणून ही नोंद.

शब्दांविषयी आणखी एक. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि ‘याला येरवड्याला पाठवा’ हा टोमणा आपण शाळेच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. मनाच्या डॉक्टरांचे नाव काढले की समोरच्याच्या डोळ्यांपुढे तीच भिंत उभी राहते. प्रत्यक्षात नैराश्याच्या बहुसंख्य रुग्णांना कुठेही दाखल व्हावे लागत नाही. ते घरी राहून, कामावर जात उपचार घेतात. हे समोरच्याला बोलण्याच्या ओघात आधीच सांगितलेले बरे.

बोलण्याने फरक पडतो का

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी बैठका घेऊन ताण, उदासी आणि आत्महत्येचे विचार यांविषयी लोकांच्या बोलीत बोलायचे, गरज असलेल्यांना प्रशिक्षित समुपदेशकांनी भेटायचे आणि गुंतागुंत असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचे, अशी त्याची रचना होती. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकांनी मदत घेतली होती. १८ महिन्यांनंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्के झाले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरीकडे, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले होते. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता, तरी आपल्याकडचे चित्र फार वेगळे असेल असे मानायला मला आधार दिसत नाही. डॉक्टरांची संख्या एका रात्रीत वाढत नाही, पण घरातला अबोला आज संध्याकाळी मोडता येतो.

वेळ आणि जागा निवडावी

दिवाणखान्यात सगळ्यांनी भोवती बसून विचारणे टाळावे. त्याला पंचायतीचे रूप येते आणि माणूस बचावाला उभा राहतो. एकाच माणसाने, एकट्याने बोलावे, आणि ते घरातले सर्वांत मोठे माणूसच असायला हवे असे नाही. कित्येकदा सुनेशी किंवा धाकट्या भाच्याशी जे बोलले जाते, ते मुलाशी बोलले जात नाही. नजर रोखून समोरासमोर बसण्यापेक्षा शतपावली करताना, भाजी निवडताना किंवा शेताकडे चालत जाताना बोलणे सोपे जाते, कारण हात आणि डोळे गुंतलेले असले की मधली शांतता अवघड वाटत नाही. परगावी किंवा परदेशी असलेल्या मुलांनी सर्व कुटुंब पडद्यावर असलेल्या व्हिडिओ कॉलवर हा विषय काढू नये. ठरवून, त्या एकाच व्यक्तीला, साधा फोन करावा. नैराश्यात सकाळ बहुधा सर्वांत जड जाते, तेव्हा दुपारनंतरची वेळ धरावी. समोरच्याने दारू घेतलेली असताना बोलू नये.

पहिले वाक्य

‘तुम्हाला डिप्रेशन आलंय का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते. त्याऐवजी आपण काय पाहिले, त्याने आपल्याला काय वाटते आणि मग एक मोकळा प्रश्न, या क्रमाने बोलावे. वडिलांशी बोलताना: ‘बाबा, गेले तीन आठवडे तुम्ही पहाटेच उठून बसता, जेवणही निम्म्यावर आलंय. मला काळजी वाटते. तुम्हाला आतून कसं वाटतंय?’ धाकट्या भावाशी: ‘तू हल्ली मित्रांचे फोन घेत नाहीस, क्रिकेटलाही गेला नाहीस. काही बोलायचं असेल तर मला ऐकायचंय.’

पहिले उत्तर बहुधा ‘काही नाही’ असेच असते. तेव्हा वाद घालू नये. ‘बरं, पण मी पुन्हा विचारीन हं’ एवढे म्हणून विषय सोडावा आणि दोन-तीन दिवसांनी खरोखरच पुन्हा विचारावे. आमच्या घरी तिसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर आले, आणि तेही रस्ता ओलांडताना, एका वाक्यात.

ऐकताना

‘तुला काय कमी आहे?’ हे वाक्य आपण धीर देण्यासाठी म्हणतो, पण आजारी माणूस आधीच स्वतःला दोष देत असतो आणि हे ऐकून त्या दोषांत कृतघ्नपणाची भर पडते. ‘मन घट्ट कर’ हे पाय मोडलेल्याला धावायला सांगण्यासारखे आहे, कारण जे मन घट्ट करायचे तेच आजारी आहे. ‘लोकांकडे बघ, त्यांची दुःखं केवढी’ या तुलनेने कोणाचेही दुःख हलके झालेले मी पाहिलेले नाही. ‘लग्न लावून द्या, सगळं ठीक होईल’ हा सल्ला तर दोन आयुष्यांना अडचणीत टाकतो, आणि तो देणाऱ्या वडीलधाऱ्यांना विनयाने पण स्पष्टपणे थांबवावे. देवाधर्माच्या बाबतीत मात्र टोकाला जाऊ नये. पूजा, जप, वारी यांनी कोणाला आधार वाटत असेल तर तो काढून घेऊ नये. उपचारांऐवजी तेवढ्यावर विसंबू नये आणि अंगाऱ्या-धुपाऱ्यात महिने घालवू नयेत, इतकेच.

मग बोलावे काय? फार थोडे. ‘हे कधीपासून आहे?’, ‘दिवसाचा कोणता वेळ सर्वांत जड जातो?’, ‘तेव्हा मनात काय येतं?’ असे प्रश्न विचारून गप्प राहावे. समोरचा रडला तर रडू द्यावे. लगेच पाणी आणायला उठू नये, कारण त्या उठण्यातून ‘आता पुरे’ असा अर्थ निघतो. ‘हे तुला एकट्याला सोसावं लागलं, आता आपण दोघं मिळून बघू’ हे वाक्य खरे असेल तरच म्हणावे. ‘मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये, कारण जिवाला धोका दिसला तर ते मोडावे लागते. ‘तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही, फक्त तुझ्या जिवाचा प्रश्न आला तर थांबणार नाही’ एवढे सांगावे.

सर्वांत अवघड प्रश्न

आत्महत्येविषयी विचारले तर तो विचार डोक्यात शिरेल, या भीतीने घरे गप्प राहतात. ही भीती निराधार आहे. विचारल्याने विचार रुजत नाही, उलट बोलता आल्याने कित्येकांना हायसे वाटते. आडवळणे न घेता विचारावे: ‘कधी जगणं नको असं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ उत्तर ‘हो’ आले तर घाबरून ओरडू नये, शपथा घालू नयेत, ‘मुलांचा विचार कर’ म्हणून अपराधी करू नये. ‘सांगितलंस हे फार बरं केलंस’ असे म्हणून पुढचा प्रश्न विचारावा: ‘कसं, केव्हा, असं काही ठरवलंय का?’

ठरवले असेल, तर त्या माणसाला एक क्षणही एकटे सोडू नये. शेतीची औषधे, घरातल्या गोळ्यांचा साठा आणि इतर धोकादायक वस्तू घराबाहेर हलवाव्यात किंवा कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. आवेग पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो आणि त्या वेळात साधन हाताशी नसणे जीव वाचवते. त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे. तातडीसाठी ११२ हा क्रमांक आहे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते, तिथे मराठीत बोलता येते आणि घरातल्या माणसालाही सल्ला विचारता येतो. दीर्घ उदासीनंतर अचानक आलेला निवांतपणा, जवळच्या वस्तू वाटून टाकणे, हिशेब आणि कागदपत्रे कोणाच्या तरी हवाली करणे, ही चिन्हेही धोक्याची समजावीत.

पोलीस केस होईल म्हणून प्रयत्न लपवणारी कुटुंबे अजून आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे, उपचार व पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. दवाखान्यात खरे सांगावे.

डॉक्टरांकडे नेताना

सुरुवात ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांपासून केली तरी चालते. थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय आणि बी-१२ ची कमतरता यांतही थकवा व उदासी दिसते, स्टेरॉइडसारख्या काही औषधांनीही ती येऊ शकते. तेव्हा रक्ततपासणी करून घ्यावी आणि चालू असलेल्या सर्व औषधांची यादी दाखवावी. त्यानंतर मनोविकारतज्ज्ञ. ते वैद्यकीय पदवी घेतलेले डॉक्टर असतात आणि औषधे देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक औषधे देत नाहीत, ते बोलण्याच्या पद्धतशीर उपचारांतून मदत करतात. आजार सौम्य असेल तर केवळ बोलण्याचे उपचार पुरतात, मध्यम किंवा तीव्र असेल तर बहुधा दोन्ही लागतात. जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात केसपेपर काढून दाखवता येते. गोव्यात बांबोळीला शासकीय मनोविकार संस्था आहे.

फसवून नेऊ नये. ‘मला दाखवायचंय, तू सोबत चल’ असे सांगून नेलेले माणूस पुढच्या वेळी येत नाही. ‘झोप आणि भूक यांचं तंत्र बिघडलंय, त्यासाठी मनाच्या डॉक्टरांना एकदा दाखवू, एकाच भेटीपुरतं’ हे खरेही आहे आणि पचणारेही. वही सोबत न्यावी. पूर्वी कधी झोप न घेता प्रचंड उत्साह, अफाट खर्च, अखंड बडबड असा काळ येऊन गेला असेल तर तो न विसरता सांगावा, कारण तसे असेल तर आजार वेगळा असतो आणि नैराश्याच्या नुसत्या गोळ्यांनी तो बिघडू शकतो. ही माहिती घरच्यांकडूनच मिळते. रुग्णाला स्वतःला ती आठवत नाही किंवा महत्त्वाची वाटत नाही.

रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे, आणि २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजारांच्याच पायावर विमा देणे बंधनकारक केले आहे. पॉलिसीतले कलम वाचून घ्यावे.

पहिले दोन महिने

सर्वाधिक उपचार इथेच सुटतात, म्हणून हे ध्यानात ठेवावे. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे यांसारखे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतात. म्हणजे औषध आधी त्रास देते आणि गुण नंतर. हे आधी सांगितलेले नसेल तर दहाव्या दिवशी पाकीट कचऱ्यात जाते. या गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही, पण त्या एकदम बंद केल्यास चक्कर, अस्वस्थता असे त्रास होतात, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात. बरे वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायचे असते. पंचविशीच्या आतल्या तरुणांच्या मनात सुरुवातीच्या आठवड्यांत जीव देण्याचे विचार वाढू शकतात. त्या काळात त्यांच्याकडे रोज लक्ष द्यावे आणि काही वेगळे दिसले तर लगेच डॉक्टरांना कळवावे.

दिवसाची घडी बसवणे हाही उपचारच आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये समुपदेशनाचे प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांनी सहा ते आठ बैठकांत हेच केले: रुग्णाला पूर्वी आनंद देणारी किंवा अर्थपूर्ण वाटणारी छोटी कामे पुन्हा सुरू करून दिली आणि त्याचा गुण आल्याचे चाचणीत दिसले. मन लागले की काम करू, असे आपण म्हणतो. इथे क्रम उलटा असतो, काम आधी आणि मन मागून. पण काम छोटे हवे. ‘रोज तासभर व्यायाम करा’ असे सांगू नये. ‘चहा झाला की कोपऱ्यापर्यंत जाऊन दूध आणू’ असे म्हणावे आणि आपणही चपला घालाव्यात.

इतरांना काय सांगावे

किती सांगायचे हे रुग्णाला विचारून ठरवावे. शेजाऱ्यांना ‘तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत’ एवढे पुरते. घरातल्या मुलांपासून मात्र लपवू नये. मुलांना बदल दिसतोच आणि कारण न कळल्यास ती स्वतःला दोष देतात. ‘आईला मनाचा आजार झालाय, त्यात तुझी काही चूक नाही, डॉक्टर औषध देताहेत’ हे सात वर्षांच्या मुलालाही समजते. आणि काळजी घेणाऱ्यानेही आपल्या मनाचे ओझे आठवड्यातून एकदा तरी कोणाजवळ बोलून उतरवावे. यात स्वार्थ नाही.

नैराश्याची पहिली खेप येऊन गेलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना हा आजार पुन्हा होतो. म्हणून बरे वाटत असतानाच दोघांनी बसून, आजाराची सुरुवात कशाने झाली होती ती तीन-चार चिन्हे त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहावीत आणि ती दिसली तर कोणाला फोन करायचा तेही लिहावे. माझ्या वडिलांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात तीन ओळी आहेत: पहाटे जाग येणे, पोटात जड वाटणे, पेपरची घडी न मोडणे. खाली डॉक्टरांचा आणि माझा क्रमांक आहे.